मरण्यात हातखंडा

आर्वो किन्नुनेनइतक्या सफाईनं मरणारा माणूस त्या काळात बरबँकच्या एकाही स्टुडिओत नव्हता. छपरावरून कोसळून म्हणा, पळत्या घोड्यावरून गडगडून म्हणा, गुत्त्यात टेबल-बाटल्यांसकट उलथून म्हणा, सांगाल तसा मरायचा. आणि मरून झालं की उठायचा, पँट झटकायचा आणि दिग्दर्शकाला अगदी नम्रपणे विचारायचा, "बरं पडलो ना? की आणखी एकदा पडू?"

मूळचा तो मिनेसोटातल्या दुलुथचा. फिनलंडहून आलेल्यांचं घर. बाप बोटींत खनिज भरायच्या धक्क्यावर राबणारा. आर्वो नौदलात गेला, आणि तिथं एका ताणलेल्या दोरानं दगा दिला. दोर तुटून त्याचं टोक हनुवटीवर असं बसलं की जखम भरली तरी खोल खूण राहिली आणि ओठाचा एक कोपरा कायमचा वर ओढला गेला. तेव्हापासून तो प्रेमानं हसला तरी समोरच्याला वाटायचं, हा आता काहीतरी करणार.

नौदलातून सुटल्यावर परत दुलुथच्या बर्फात जायचं त्याच्या जिवावर आलं. नौदलाच्या सॅन डिएगोतल्या तळावरचं ऊन अंगाला लागलं होतं. ओळखीच्या एकानं त्याला चॅट्सवर्थच्या खडकांत आणलं, तिथं वेस्टर्न मालिकांचं शूटिंग चाले, आणि घोड्यांच्या तबेल्यात त्याला चिकटवून दिलं. एके सकाळी एक दिग्दर्शक घोडे बघायला आला आणि घोड्यांऐवजी याच्याकडेच बघत उभा राहिला.

"ए हनुवटीवाल्या, घोड्यावरून पडता येतं का?"

"साहेब, बसता येत नाही. पडणं आपोआप होतं."

त्या दिवशी तो पहिल्यांदा मेला. मग सुरूच झालं. मित्झी हॉल्डॉर्फ नावाची एक एजंटबाई त्याच्या मागं लागली. ठेंगणी, तोंडानं फटकळ, सदा सिगारेट हातात. तिनं आधी त्याचं नाव कापलं. "किन्नुनेन? अरे बाबा, हे नाव वाचून होईपर्यंत लोक दुसरा चॅनल लावतील. आजपासून तू रॉय किनार्ड." पाट्यांवर तो रॉय किनार्ड झाला, बाकी सगळ्यांचा आर्वोच राहिला.

याच धंद्यात त्याला बायको मिळाली. डोलोरेस बाका रंगभूषा करायची. त्याच्या छातीवर गोळीची पहिली जखम तिनंच रंगवली. ब्रश फिरला की तो अंग चोरायचा.

"हलू नकोस रे. मेलेल्या माणसाला गुदगुल्या होत नाहीत."

"मी अजून मेलो कुठाय? अजून पाच मिनिटं आहेत मला."

"मग पाच मिनिटं गप्प बस."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासाठी घरी भाजलेला पाव आणला. त्याची आई करायची तसा, वेणीसारखा गुंफलेला, वेलदोडे घातलेला. तबेल्यातल्या माणसापासून नायकापर्यंत सगळ्यांनी त्यावर हात मारला, आणि डोलोरेसच्या वाट्याला चुरा आला. तो त्यानंतर दर सोमवारी दोन पाव आणायला लागला. एक सगळ्यांना, एक कागदात गुंडाळून तिला. शूटिंगवरच्या लोकांना काय ते कळलं. तिच्या बापाला मात्र कळायचं बाकी होतं.

डोलोरेसचे वडील युसेबियो बाका; स्पॅनिश बोलणाऱ्या त्या वस्तीत सगळे त्यांना मानानं 'डॉन', म्हणजे 'राव', म्हणायचे. बॉइल हाइट्समध्ये ब्रूकलिन अव्हेन्यूवर त्यांचं केशकर्तनालय होतं. तीन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि फळीवर टीव्ही. माणूस कडक, मिशी पांढरी, शब्द मोजके. डोलोरेसनं घरी आर्वोचं नाव काढलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात टीव्हीवर आर्वोनं एका म्हाताऱ्या पाद्र्याचा गळा दाबला. भर देवळात. अख्ख्या दुकानानं ते पाहिलं. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली.

"माणूस देवाच्या दारात पाद्र्याला मारतो," डॉन युसेबियो म्हणाले, "आणि माझी मुलगी मागतो?"

"पापा, ते नाटक असतं!"

"त्याचे हात बघितलेस तू? नाटकातल्या माणसाचे हात असे नसतात. पाठव त्याला दुकानात."

शनिवारी आर्वो इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत पाव घेऊन दुकानात गेला. आत गिऱ्हाइकं गच्च. तो दारात दिसला मात्र, सगळ्यांची तोंडं बंद झाली. डॉन युसेबियोंनी मधली खुर्ची झटकली.

"बसा, किनार्ड."

"दाढी करूनच आलोय, सेन्योर."

"नीट झालेली नाही. बसा."

आर्वो बसला. गळ्याभोवती पांढरं कापड आलं, तोंडाला फेस आला, आणि मग वस्तरा कातड्यावर घासल्याचा आवाज आला. डॉन युसेबियोंनी त्याची मान मागं केली आणि पातं अलगद गळ्यावर टेकवलं.

"आता सांगा. पाद्र्याला का मारलंत?"

"कागदावर तसं लिहिलं होतं."

"जे लिहिलं असेल ते करता?"

"हो. पण आधी त्याची माफी मागितली होती. तो पाद्री जेवताना माझ्या शेजारी बसतो. त्याला मणक्याचं दुखणं आहे, म्हणून मी गळ्याला नुसता हात लावला, जोर सगळा चेहऱ्यावर."

पातं थांबलं. "आणि उद्या कागदावर लिहून आलं की बायको सोडून जा?"

आर्वोला गिळायचं होतं, पण पातं होतं तिथं गिळायची सोय नव्हती. तो तसाच म्हणाला, "मग मी आधी विचारीन, लिहिलंय कुणी? तुम्ही लिहिलं असलं तर तुमची दुकानात येऊन समजूत काढीन. दुसऱ्या कुणी लिहिलं असलं, तर पाद्र्याच्या वेळी वापरला नव्हता तो जोर त्याच्यासाठी आहे."

भिंतीकडच्या बाकावर कोणीतरी फिस्कन हसलं. डॉन युसेबियोंनी हसणाऱ्याकडे पाहिलं, मग हनुवटीवरच्या त्या खुणेभोवती फार जपून, एका दमात वस्तरा फिरवला. एवढी वर्षं ती खूण टाळून दाढी करणं आर्वोला स्वतःला जमलं नव्हतं.

"पायाशी ठेवलंय ते काय?" त्यांनी विचारलं.

"पाव. मी भाजलाय."

डॉन युसेबियोंनी तुकडा मोडला, चावला, बराच वेळ चावला. "वेलदोडा जरा जास्त झालाय," म्हणाले, आणि दुसरा तुकडा मोडला.

लग्न तिथल्याच चर्चमध्ये झालं. प्रार्थना म्हणायच्या आधी पाद्रीबाबांचा हात दोनदा आपल्या गळ्याकडे गेला, असं डोलोरेस पुढं जन्मभर सांगत राहिली.

वर्षं गेली. दोन मुली झाल्या. आणि मग एकाएकी लोकांना घोडे नकोसे झाले. वेस्टर्न मालिका एकामागून एक आटपल्या. आर्वो पन्नाशीला टेकला होता, पडण्यात तरबेज होता आणि पडायला जागा उरली नव्हती. तो घरी भाकऱ्या भाजाव्यात तसे पाव भाजत बसला. गल्लीतल्या बायका खूश; डोलोरेस काळजीत.

एक दिवस मित्झीचा फोन आला. "ऐक, गुप्तहेराची मालिका आहे. त्यांना खुनी हवाय. थंड डोक्याचा, हळू आवाजाचा. दुसरा मजला, डावीकडचं दार. उशीर करू नकोस."

आर्वो वेळेवर गेला आणि उजवीकडच्या दारातून आत शिरला.

आत पाच-सहा माणसं कॉफी पीत बसली होती. सगळ्यांचे चेहरे रडवेले. सकाळपासून नटांची वाचनं ऐकून ऐकून विटलेले असावेत. एका बाईनं न बघताच त्याच्या हातात कागद दिला. "वरच्या मजल्यावरचा निवृत्त जज. खालच्या पोरींशी बोलतोय. वाचा."

आर्वोनं कागद पाहिला. त्याला वाटलं, खुनी जजचं सोंग घेऊन राहतोय. नामी युक्ती आहे. तो दोन पावलं पुढं आला, डोळे बारीक केले आणि गळा दाबण्यापूर्वी जो आवाज लावायचा त्या आवाजात म्हणाला, "तरुणी, तुमच्या रेकॉर्डमधला ढोल माझ्या सूपमध्ये वाजतोय. वाटीत लाटा उठतात. काल एक गाजर बाहेर आलं."

कॉफीवाल्या एकाला ठसका लागला. ती बाई खुर्चीतून वर बघायला लागली.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

आर्वोला वाटलं, दरारा कमी पडला. त्यानं आवाज आणखी खाली नेला, एकेका शब्दानंतर थांबला. गाजरापाशी येईपर्यंत एक माणूस टेबलावर डोकं टेकून हुंदके देत होता.

आर्वो भडकला. "हे बघा, तुम्हाला मी नको असेन तर तसं सांगा. मी इथं खून करायला आलोय."

हे ऐकल्यावर उरलेसुरलेही कोलमडले. त्या बाईनं डोळे पुसत पुसत दाराकडे बोट केलं. "खून समोरच्या खोलीत आहे हो. पण तुम्ही जाऊ नका. कृपा करा, जाऊ नका."

अशी त्याला 'आधी दार वाजवा' ही विनोदी मालिका मिळाली. त्यात तो जज व्हिपल. मालिकेचं शूटिंग जिवंत प्रेक्षकांपुढं व्हायचं आणि आर्वोनं आयुष्यात कधी जिवंत प्रेक्षक पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी तो दार उघडून आत आला, पहिलं वाक्य म्हणाला, आणि समोरच्या अंधारातून हशा उसळला. तो दचकून थांबला. पँटची चेन उघडी राहिली की काय, म्हणून त्यानं खाली पाहिलं. चेन लागलेली होती. त्यानं वर पाहिलं. हशा दुप्पट झाला. लोक पाय आपटत होते.

शूटिंग संपल्यावर तो रंगभूषेच्या खुर्चीत मान खाली घालून बसला.

"काय झालं आता?" डोलोरेसनं विचारलं. ती याही मालिकेत होतीच.

"हसतात मला."

"मग? विनोदी मालिका आहे ती."

"हो गं, पण मी काही विनोद केला नाही. मी आत आलो आणि हसले. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर हसायचं म्हणजे काय."

डोलोरेसनं त्याच्या कपाळावरची पावडर पुसली. "आर्वो, इतकी वर्षं टीव्हीवर तुला गोळ्या घातल्या की पापांच्या दुकानात लोक टाळ्या वाजवायचे. अगदी उभं राहून. तेव्हा नाही वाईट वाटलं तुला?"

आर्वोनं यावर विचार केला. मग त्याच्या त्या वाकड्या ओठाचा कोपरा आणखी वर गेला, आणि खुर्ची हलायला लागली.

मालिका चालली, म्हणजे अशी चालली की विचारू नका. भाजीच्या दुकानात पूर्वी बायका त्याला बघून पर्स छातीशी धरायच्या, आता त्याच लांबून ओरडायच्या, "जजसाहेब, गाजरं ताजी आहेत!" सगळ्यात जास्त मान वाढला तो डॉन युसेबियोंचा. त्यांच्या दुकानाला लोक 'जजच्या सासऱ्याचं दुकान' म्हणायला लागले. दर गुरुवारी संध्याकाळी तिथं खुर्च्या पुरायच्या नाहीत. म्हातारा वस्तरा ठेवून देई आणि हात बांधून टीव्हीसमोर बसे. हसत मात्र नसे. जावयाची मतं त्याला मनापासून पटत. "बरोबर बोलतोय तो. फार आवाज करतात हल्लीच्या पोरी."

मालिकेचं आठवं वर्ष लागलं तेव्हा चॅनलवर डेक्स्टर प्रोव्होस्ट नावाचा नवा साहेब आला. तरुण, चकचकीत, बोलताना मनगटावरच्या घड्याळाशी खेळणारा. प्रेक्षक थोडे ओसरले होते. त्यानं आर्वोला बोलावलं, गोड हसला आणि म्हणाला, "जजला हृदयविकाराचा झटका. सोफ्यावर. सगळा देश टीव्हीसमोर बसेल. आणि मरण्यात तुमचा हातखंडा आहे, असं सगळेच सांगतात."

"हो, म्हणजे... तसा आहे," आर्वो म्हणाला. आणि जुन्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "डावीकडे पडू की उजवीकडे?"

घरी आल्यावर त्यानं कणकेत हात घातला आणि ती इतकी तिंबली की डोलोरेसनं येऊन पातेलं काढून घेतलं.

"नाही म्हण ना त्याला."

"कसं म्हणू? आजवर मरायला कधी नाही म्हटलेलं नाही मी. लोकांना घोड्यावरून पडणारे मिळत नव्हते तेव्हा मी पडलोय. तो म्हातारा मात्र..." तो थांबला. "वेडेपणा आहे, डोलोरेस. पण तो व्हिपल सकाळी उठून अंडं उकडतो, खालच्या पोरींवर चिडतो, आणि त्यांतल्या एकीला ताप आला तर जिन्यात तासभर उभा राहतो. मला तो आवडतो. आजवर ज्यांच्या सोंगात मी मेलो त्यांतला एकही मला आवडत नव्हता."

"पापांना सांगितलंस?"

"तू सांग."

"मी नाही सांगणार बाई," डोलोरेस म्हणाली. पण शूटिंगच्या दिवशी तिनं वडिलांना नवा कोट घालायला लावला आणि पहिल्या रांगेत आणून बसवलं. का, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

सोफ्याचा प्रसंग आला. आर्वो खरंच कसबी. त्यानं आधी बटण सोडलं, मग पाण्याचा पेला शोधल्यासारखा हात हवेत फिरवला, मग आपल्यालाच काहीतरी आठवल्यासारखा चेहरा केला आणि हळूच, पोतं टेकावं तसा कलंडला. प्रेक्षकांत कुठंतरी नाक ओढल्याचा आवाज. खालच्या मजल्यावरच्या पोरी झालेल्या दोघी नट्या खऱ्याखुऱ्या रडायला लागल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला. "ऊठ!"

सगळ्यांच्या माना वळल्या. डॉन युसेबियो उभे होते, हातात टोपी.

"ऊठ म्हणतो ना! हा माणूस मी ओळखतो. हा शेकडो वेळा मेलाय आणि दर वेळी जेवायला घरी आलाय. ऊठ रे पोरा! कुणी लिहिलंय हे?"

आर्वो मेलेला होता, तरी त्याचं पोट हलायला लागलं. त्यानं ओठ चावले. मागून एक बाई ओरडली, "उठा, जजसाहेब!" मग दुसरी. मग सगळं प्रेक्षागृहच ओरडायला लागलं. दिग्दर्शकाचा हात कॅमेरा थांबवायला वर गेला आणि वरच राहिला.

आर्वोच्या डोक्यात त्या क्षणी काय नाही आलं! इतक्या वर्षांत त्यानं एकही मरण नासवलं नव्हतं. एकदा गालावर मधमाशी बसली होती, तरी पापणी हलली नव्हती. पण इथं साक्षात सासरा उभा होता, आणि लोक त्याला हाका मारून बोलावत होते. त्यानं एक डोळा उघडला. मग हळूहळू उठून बसला, बटण लावलं, आणि त्याच जुन्या, थंड, गळा दाबायच्या आवाजात म्हणाला, "कोर्टात शांतता राखा. नाहीतर मी सगळ्यांना पुन्हा एकदा मरून दाखवीन."

छप्पर उडायचंच बाकी राहिलं. नट्या त्याच्या गळ्यात पडल्या. वरच्या काचेच्या खोलीत प्रोव्होस्टसाहेब घड्याळ काढून पुन्हा घालत होते. शेजारी लेखकमंडळी गालात हसत होती. त्यांना तर हे मरण कधीच लिहायचं नव्हतं.

शेवटी प्रोव्होस्टसाहेब खाली आले. डॉन युसेबियोंसमोर उभे राहिले. "आजोबा, तुम्ही माझ्या मालिकेचा महत्त्वाचा प्रसंग बिघडवलात."

डॉन युसेबियोंनी त्यांच्या केसांकडे पाहिलं. "हे कुणी कापले तुमचे?"

"का?"

"डावी बाजू लांब राहिलीय. शनिवारी दुकानात या."

प्रसंग होता तसाच दाखवला गेला, ओरड्यासकट. देश टीव्हीसमोर बसला. जज व्हिपल आणखी तीन वर्षं जगला आणि प्रोव्होस्टसाहेब, आश्चर्य म्हणजे, शनिवारी खरंच दुकानात गेले. डॉन युसेबियो पुढं पिकल्या वयात, झोपेतच गेले. त्या दिवशी दुकान बंद होतं आणि दाराबाहेर रांग होती.

मालिका संपली तेव्हा आर्वोला वाटलं, झालं आपलं. साठी उलटली होती. तेवढ्यात एक तरुण दिग्दर्शिका त्याच्याकडे सिनेमा घेऊन आली. बेकर्सफील्डमधला बसचा ड्रायव्हर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, तो एका शिंपीणबाईच्या प्रेमात पडतो.

आर्वोनं संहिता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. "यात मला मारतं कोण?"

"कोणीच नाही," ती म्हणाली.

"मी कुणाला मारतो?"

"नाही हो. तुम्ही शेवटी बाईचं चुंबन घेता."

आर्वोचा चेहरा पडला. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत पडद्यावर त्यानं कधी कुणाचं चुंबन घेतलं नव्हतं. बायका त्याला बघून किंचाळायच्या किंवा दार लावून घ्यायच्या. त्यानं काम घेतलं खरं, पण शूटिंगच्या दिवशी सकाळी त्याच्या घशाखाली पाव उतरेना.

शिंपीणबाई झाली होती इमोजीन फार नावाची नटी, सत्तरीची, रंगभूमी गाजवलेली, कोणाचीही भीडभाड न ठेवणारी. पहिल्या वेळी आर्वो तिच्याकडे वाकला तसा तिनं हात पुढं केला. "थांब, थांब. चावणार आहेस का मला?"

दुसऱ्या वेळी त्याचं नाक तिच्या चष्म्यावर आपटलं. तिसऱ्या वेळी तो इतक्या हळू पुढं आला की दिग्दर्शिकेला वाटलं, त्याला बरं वाटत नाहीये. तिनं मधली सुट्टी दिली.

डोलोरेस आता निवृत्त होती, पण नवऱ्याचा चेहरा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती. ती ब्रश घेऊन आली.

"काय करतोयस तू?"

"डोळे बारीक होतात गं आपोआप. सवय आहे."

"मग बारीक करू नकोस."

"आणि मग काय करू?"

"पहिल्या सोमवारी पाव द्यायला आलास तेव्हा काय करत होतास?"

"काही नाही. घाबरलो होतो."

"हं," डोलोरेस म्हणाली, त्याच्या कॉलरवरचा केस झटकला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

आर्वो परत गेला. उन्हात बस उभी होती, इमोजीन पायरीवर. तो वाकला नाही. त्यानं आधी टोपी काढली, ती कुठं ठेवावी कळेना म्हणून दोन्ही हातांत धरली, आणि तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ की इमोजीनचा चेहरा बदलला. मग तिनंच हात पुढं करून त्याच्या हनुवटीवरच्या खुणेला बोट लावलं, आणि ते झालं. साधं, थोडंसं वाकडं, टोपी मधे चुरगळलेली.

"कट," दिग्दर्शिका हळूच म्हणाली. "उत्तम. आपल्याला मिळालं."

"मिळालं असेल तुम्हाला," इमोजीन म्हणाली. "पण खबरदारी म्हणून आणखी एकदा घ्यावं असं माझं मत आहे."

"एकदाच!" डोलोरेस खुर्चीतून ओरडली. "आणि टोपी मधेच राहू दे!"

आणखी एकदा घेतलं. मग सगळे जेवायला गेले आणि आर्वोनं तीन ताटल्या भरून घेतल्या. जेवता जेवता मित्झीचा निरोप घेऊन एक पोरगा आला. कुणालातरी चर्चच्या समूहगानात गाणारा म्हातारा हवा होता. गाता येतं का आणि सोमवारी येता येईल का, असं विचारलं होतं.

"सांग त्यांना," आर्वो तोंडातला घास सांभाळत म्हणाला, "गाता येत नाही. पण सोमवारी येतो."